मेटी, मेट आणि मालिम साहेब

आजचा भाग एका शब्दावर आहे. एकच शब्द, तोही इंग्रजी, आणि तुम्ही तो हजारदा ऐकलाय. मेटी. एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, आणि तोंडात 'अहॉय मेटी!' समुद्री चाच्यांचा कुठलाही सिनेमा लावा, कुठलीही पायरेटवाली गेम उघडा, पाच मिनिटांच्या आत कुणीतरी कुणालातरी मेटी म्हणतोच.

अर्थ सोपा आहे. मेटी म्हणजे दोस्ता, गड्या, कोल्हापुरात म्हणतात तसं 'भावा'. मूळ शब्द मेट, त्याला लाडाचा ई लावला की मेटी. आपण पम्या, सुऱ्या करतो तसंच. ओळख नसलेल्या माणसालाही म्हणता येतं, आणि तेव्हा त्यात थोडी सलगी, थोडी मस्करी असते. इथेच थांबलो तर एपिसोड दोन मिनिटांचा झाला असता. पण या शब्दाच्या पोटात एक भानगड आहे, आणि ती आपल्या कोकणापर्यंत येऊन पोचते. त्यामुळे जरा दमानं घेऊ.

आधी हे बघू की मेट आला कुठून. आपल्याला रूममेट, क्लासमेट, बॅचमेट हे शब्द इतके सवयीचे आहेत की मेट म्हणजे 'सोबतचा' एवढं आपण धरून चालतो. (बुद्धिबळातला चेकमेट यात धरू नका. तो फारसीतल्या 'शाह मात' वरून आलाय, म्हणजे आपल्या 'मात केली' मधला. नुसता आवाज सारखा.) आपला मेट इंग्रजीत आला चौदाव्या शतकात, उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या बोलीतून. तिथे शब्द होता 'गेमाटे'. त्यातला 'ग' म्हणजे सह, आणि पुढचा भाग म्हणजे अन्न. इंग्रजीतला 'मीट', म्हणजे मटण, हाही त्याच घरातला. मीटचा अर्थ पूर्वी नुसतं मटण नव्हता, कुठलंही खाणं म्हणजे मीट. तर मेट म्हणजे ज्याच्यासोबत आपण जेवतो तो. लॅटिनमध्येही हाच खेळ आहे. कम्पॅनियन मधला 'पान' म्हणजे पाव. आपण गोव्याकडून पाव घेतला तो पोर्तुगीज शब्दही त्याच कुळातला. एकत्र पाव खाणारा तो कम्पॅनियन.

आता मराठीत बघा. आपण ओळख नसलेल्या माणसाला जवळ करायचं म्हटलं की नातं लावतो. दादा, मामा, काका, ताई. आगरी-कोळी लोकांत 'दादूस' आहे, आणि माझ्या मते मेटीच्या सगळ्यात जवळ जाणारा आपला शब्द तोच. पण दादूस मध्येही मोठा भाऊ बसलेला आहे. आपल्याकडे जवळीक रक्तातून येते, निदान शब्दात तरी. मेट मध्ये रक्ताचा संबंध नाही. आपण दोघं एका जागी जेवतो, बास. आणि ज्या समाजात 'रोटी-बेटी व्यवहार' हा शब्दप्रयोग अजून जिवंत आहे, कोण कोणाबरोबर जेवणार यावर पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली आहेत, त्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बरं, मग हा शब्द समुद्रावरच का चिकटला? त्याचं उत्तर जहाजावरच्या जेवणात आहे.

अठराव्या शतकातलं ब्रिटिश नौदलाचं मोठं लढाऊ जहाज डोळ्यासमोर आणा. सातशे-आठशे माणसं. झोपायला झोळ्या, त्याही एकमेकींना खेटून. जेवायला वेगळी खोली वगैरे नाही. तोफा जिथे ठेवलेल्या, त्याच मजल्यावर दोन तोफांच्या मध्ये एक फळी टांगायची, तेच टेबल. एका टेबलावर साधारण सहा ते आठ माणसं. या टोळीला म्हणायचे मेस. हो, तीच मेस. पुण्यात शिकायला आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात जी 'लावतो' ती. आणि तुमच्या मेसमधला माणूस म्हणजे मेसमेट.

या टोळीला आठवड्याचं रेशन ठरलेलं होतं. माणशी सात पौंड बिस्किट, चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड डुकराचं मांस, वाटाणे, ओटचं पीठ, थोडं लोणी, चीज, आणि रोज एक गॅलन बिअर. कागदावर बरं दिसतं. प्रत्यक्षात बिस्किटात किडे, मांस पिंपात कित्येक महिने पडून दगड झालेलं. शिवाय मोठा तुकडा आला तर त्यात हाड किती आणि चरबी किती यावर भांडण ठरलेलं. आठ माणसं, बंद जहाज, महिनोन् महिने जमीन नाही. वाटणीवरून सुरा निघायला कितीसा वेळ?

यावर खलाशांनी जी युक्ती काढली ती मला फार आवडते. मांसाचे वाटे करायचे. एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्यानं एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाला? पाठमोरा माणूस, वाटा न बघता, एक नाव घेणार. ज्याचं नाव आलं, वाटा त्याचा. ना वाढणाऱ्याला आपल्या माणसाला झुकतं माप देता येत, ना नाव घेणाऱ्याला. कोडिंगवाल्यांनो, हे चक्क रँडम अलोकेशन आहे, सर्व्हरशिवाय.

ही पद्धत नुसती टेबलापुरती नव्हती. १७८९ साली 'बाउंटी' जहाजावर बंड झालं तेव्हा बंडखोरांनी कॅप्टन ब्लाय आणि त्याच्या बाजूच्या १८ जणांना २३ फुटांच्या होडीत घालून सोडून दिलं. टोफुआ बेटावर त्यातला एक मारला गेला, राहिले १८. तिथून तिमोरपर्यंत सुमारे ३,६०० सागरी मैल, उघड्या होडीत. वाटेत एकदा त्यांच्या हाती नॉडी नावाचा एक समुद्री पक्षी लागला. कबुतराएवढा. ब्लायनं त्याचे १८ वाटे केले आणि 'हा कोणाला' करून वाटले. कॅप्टनचा वाटाही त्यातच. हा ब्लाय स्वभावानं काही गोड माणूस नव्हता, बंड काही हवेतून झालं नव्हतं. पण एका पक्ष्याचे १८ वाटे करताना त्यालाही हीच रीत वापरावी लागली.

मेसमेटचं महत्त्व एवढं की खलाशांमध्ये क्रमच ठरलेला होता. आधी मेसमेट, मग त्याच जहाजावरचा शिपमेट, मग बाहेरचा माणूस, आणि त्यानंतर कुत्रं. (बहुतेक ठिकाणी जमिनीवरचा सैनिक कुत्र्याच्याही खाली होता, पण तो त्यांचा आपापसातला मामला.) आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मेस बदलता यायची. नौदलात अनेकांना पकडून जबरदस्तीनं आणलेलं. जहाज निवडता येत नाही, काम निवडता येत नाही, कॅप्टन तर नाहीच नाही. पण कोणाबरोबर जेवायचं ते, परवानगी घेऊन, महिन्यातून एकदा बदलता यायचं. तेवढं एक त्यांच्या हातात होतं.

आता चाच्यांकडे येऊ, कारण तुम्ही त्यांचीच वाट बघत असाल. खरे चाचे, म्हणजे १७१० ते १७२५ च्या आसपासचे कॅरिबियन आणि अटलांटिकवाले, एकमेकांना मेटी म्हणत होते का? मेटी हे रूप इंग्रजीत दिसायला लागतं एकोणिसाव्या शतकात, म्हणजे त्या सगळ्यांना फाशी होऊन शंभर वर्षं झाल्यावर. पण शब्द नसला तरी कल्पना होती. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरचे नियम १७२४ साली छापून आलेत. त्यातलं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येकाला मत आहे, आणि पकडलेल्या ताज्या अन्नावर आणि दारूवर प्रत्येकाचा सारखा हक्क आहे. मत आणि जेवण एकाच कलमात. नौदलात किंवा व्यापारी जहाजावर अर्धपोटी राहून पळालेली ही माणसं. त्यांना घटना लिहायला सांगितली तर पहिल्या ओळीत ताट येणारच.

मेटी चाच्यांच्या तोंडी घातला तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सननं. 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपानं आलं १८८३ साली. पहिल्याच प्रकरणात म्हातारा खलाशी आपली पेटी ढकलत आणणाऱ्या माणसाला मेटी म्हणतो. मग १९५० साली डिस्नेनं त्यावर सिनेमा काढला. लाँग जॉन सिल्व्हरच्या भूमिकेत रॉबर्ट न्यूटन. हा इंग्लंडच्या डॉर्सेटचा. त्यानं आपल्या मुलखाचा हेल वाढवून वापरला, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक चाचा तसाच बोलतो. म्हणजे एखाद्या सिनेमातल्या मालवणी नटामुळे पुढची सत्तर वर्षं सगळे दरोडेखोर मालवणी बोलायला लागले, असं समजा. दरवर्षी १९ सप्टेंबरला 'चाच्यांसारखं बोला' दिवस साजरा होतो, तो या न्यूटनच्याच जिवावर. आणि एक बारीक गोष्ट: लाँग जॉन सिल्व्हर जहाजावर कोण असतो? आचारी. सगळ्यांना मेटी मेटी करत गळाला लावणारा माणूस सगळ्यांचं जेवण सांभाळतो. स्टीव्हन्सनला हे नक्की कळत होतं.

जमिनीवर हा शब्द सगळ्यात जास्त रुजला ऑस्ट्रेलियात. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या पोरांचे व्हॉइस मेसेज ऐका, सहा महिन्यांत 'थँक्स मेट' सुरू होतं. तिथे टॅक्सीवाला, प्रोफेसर, पंतप्रधान, सगळे मेट. १९९९ साली तिथल्या घटनेच्या नव्या प्रस्तावनेत 'मेटशिप' शब्द घालायचा पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचा फार आग्रह होता. वाद झाला, शब्द गाळला गेला, आणि पुढे सार्वमतात ती प्रस्तावनाही पडली. ऑगस्ट २००५ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना हुकूम निघाला की लोकांना मेट म्हणायचं नाही. इतका गदारोळ झाला की एका दिवसात तो मागे घ्यावा लागला. रक्षकानं खासदाराला मेट म्हणावं की नाही, हा तिथे राष्ट्रीय प्रश्न होतो.

इथपर्यंत मेट म्हणजे बरोबरीचा. पण जहाजावर मेट हे एक पदही आहे, आणि खरी भानगड ती.

कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी म्हणजे फर्स्ट मेट. मग सेकंड मेट, थर्ड मेट. मूळ अर्थ कॅप्टनचा जोडीदार, मदतनीस. पण कॅप्टनचा जोडीदार म्हणजे बाकीच्यांचा साहेब. एकाच शब्दाला दोन टोकं फुटली. खालच्या मजल्यावर मेट म्हणजे ज्याच्या ताटातलं आपण खातो, वरच्या मजल्यावर मेट म्हणजे ज्याचा हुकूम आपण ऐकतो. इंग्रज खलाशाला दोन्ही मेट माहीत होते. आपल्या कोकणातल्या खलाशाला एकच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून ब्रिटिश जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी असायचे. त्यांना लास्कर म्हणत. रत्नागिरीचा किनारा, गुजरात, चितगाव, सिल्हेट, गोवा, अशा ठिकाणांहून माणसं यायची. डेकवर कोकणातले आणि गुजरातेतले खूप, त्यातले बरेच मुसलमान. स्वयंपाकघर आणि प्रवाशांची सरबराई बघायला गोव्याचे ख्रिस्ती. एवढ्या भाषांची माणसं, वर इंग्रज अधिकारी, मग हुकूम द्यायचे कशात? तर त्यातून एक खिचडी भाषा तयार झाली, लास्करी. हिंदुस्थानी, अरबी, फारसी, पोर्तुगीज, मराठी, सगळं त्यात. कॅप्टन थॉमस रोबक यानं १८११ साली कलकत्त्यात तिचा चक्क शब्दकोश छापला, कारण ती येत नसेल तर इंग्रज अधिकाऱ्याला वादळात शीड उतरवता येईना.

यातले किती शब्द आपल्या घरातले आहेत बघा. डोल म्हणजे जहाजाचा खांब, आपली डोलकाठी. सुकाणू धरणारा तो सुकाणी. खलाशांचा म्होरक्या सारंग, शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या दर्यासारंगातला सारंग तोच. त्याच्या हाताखालचा टिंडल, म्हणजे इंग्रजीत बोसनचा मेट, आणि तो आपल्या कोळ्यांचा तांडेल. कोळ्यांत मात्र तांडेल हा होडीचा प्रमुख. आणि स्वयंपाक करणारा भंडारी.

आणि फर्स्ट मेट? लास्करीत त्याला म्हणत मालिम. शब्द अरबी, मुअल्लिम, म्हणजे जाणकार, शिकवणारा. तालीम, मालूम हे शब्द त्याच मुळाचे. हिंदी महासागरात इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून मालिम म्हणजे तारे बघून वाट काढणारा माणूस. १४९८ साली मालिंदीहून वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट दाखवणाऱ्याला पोर्तुगीज लेखक 'मालेमो काना' म्हणतात, त्यातला मालेमो हाच. हा अतिशय मानाचा शब्द. पण ब्रिटिश जहाजावर तो इंग्रज मेटला चिकटला आणि नुसता मालिम राहिला नाही. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी काढलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नोंद आहे की इंग्रज अधिकारी आणि देशी खलाशी असलेल्या जहाजावर मेटला म्हणतात, मालिम साहेब.

मेटचं भाषांतर साहेब! मला वाटतं, लास्करांनी भाषांतर अगदी बरोबर केलं होतं. कारण मेट होण्यासाठी जे लागतं, एकच ताट, ते नव्हतंच. लास्करांचं रेशन वेगळं, चूल वेगळी, भंडारी वेगळा. हे सगळं गोऱ्यांनी लादलं असंही नाही, हलालचा प्रश्न होता, धर्माचे-जातीचे नियम आपले आपण घेऊन गेलो होतो. पण चुलीसोबत बाकीचंही सगळं वेगळं होतं, आणि ते कोणी धर्म म्हणून मागितलेलं नव्हतं. नोकरीचा करार वेगळा. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण एक तृतीयांश ते एक पंचमांश. झोपायची जागासुद्धा. १९०६ च्या ब्रिटिश कायद्यानं खलाशामागची जागा ७२ वरून १२० घनफूट केली, लास्करांची ७२ च राहिली. पहिलं महायुद्ध सुरू होताना ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अशी सुमारे पन्नास हजार माणसं होती, म्हणजे जवळजवळ दर सहा माणसांत एक. एकच जहाज, एकच वादळ, पुढे युद्धात एकच टॉर्पेडो. शिपमेट होते. मेसमेट नव्हते.

त्यांचे स्वतःचे मेट मग कोण? गाववाले. सारंग आपल्याच गावातली माणसं भरती करायचा, त्यांना उसने पैसे द्यायचा, त्यांच्या पगारातून कापूनही घ्यायचा. गोव्याच्या खलाशांनी मुंबईत धोबी तलावाच्या आसपास कूड काढले. एकेका गावाचा एकेक कूड, वर्गणी भरायची, जहाज मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवून राहायचं, सोबत जेवायचं, सोबत प्रार्थना. काही अजून आहेत. मेसची जमिनीवरची बहीण म्हणा. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि लंडनपासून दूरदूरच्या बंदरांपर्यंत हिंदुस्थानी खलाशांनी जहाजावर पाय ठेवायला नकार दिला. पगार वाढवा, मग निघू. शेकडो लोक तुरुंगात गेले, पण पगार वाढला. तरी गोऱ्यांच्या बरोबरीला आला नाहीच. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदुस्थानी खलाशी मेले.

मेट शब्द मात्र बंदरातून वर आला आणि देशभर पसरला. त्याच 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये मेट किंवा मेटी अशी वेगळी नोंद आहे. अर्थ दिलाय: मुख्य नोकराच्या हाताखालचा मदतनीस, आणि कुठे कुठे म्होरक्या. पुन्हा तीच दोन टोकं. रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या प्रमुखाला आजही मेट म्हणतात. मराठीत आपण मुकादम म्हणू. आणि रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी घेणारा, काम मोजून देणारा, तोही मेट. सरकारी कागदावर, याच नावानं.

१ जानेवारी २०२३ पासून या हजेरीसाठी मोबाईल ॲप सक्तीचं झालं. कामाच्या जागी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, लोकेशनसकट अपलोड करायचा. ते करायची जबाबदारी मेटची. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे अशा ॲपमध्ये कुठे कुठे गाडी अडते हे मला साधारण कळतं. रेंज नाही, सर्व्हर बंद, फोनची बॅटरी गेली. फोटो गेला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर त्या दिवसाची मजुरी अडते. सिस्टीम बनवणारा दिल्लीत असतो, तो सापडत नाही. सापडते ती मेट. ती बहुतेक वेळा त्याच गावातली असते, अनेक ठिकाणी बाईच असते, आणि दुपारी सगळ्या जणी भाकरी सोडतात तेव्हा तीही त्यांच्याच शेजारी बसून आपला डबा उघडते.